तोडीनंतर, पाण्याच्या आधी

माझा डावा हात कोपरातून सरळ होत नाही. शर्ट घालताना, एसटीत वरचा दांडा धरताना, लग्नात कुणाला मिठी मारताना तो मध्येच अडतो. लोक विचारतात, पडला होतात का? मी हो म्हणतो. खरं तर मी पडलो नव्हतो, मला पाडलं होतं, आणि पाडल्यावर खोऱ्याच्या दांड्यानं फोडून काढलं होतं.

मी पाणीपुरवठ्याच्या कामांवरचा सरकारी इंजिनिअर. ऑफिस कोल्हापुरात आणि कामं सगळी नदीकाठच्या उसात. ज्या योजनेवर हा हात गेला, तिचा नकाशा पुण्यात एका सल्लागाराच्या कॉम्प्युटरवर झाला, मग निविदा निघाली, आणि सगळं ठरून गेल्यावर शेवटी कंत्राटदार आला. तेव्हा हीच रीत होती. आम्ही कागदावर रेघ मारायची आणि त्यानं ती जमिनीत खणायची. ती कुणाच्या शेतातून कधी जाते हे त्यानं विचारायचं नाही आणि आम्हालाही ठाऊक नसायचं.

पोकलेन शेतात उतरलं तेव्हा तिथला ऊस तुटून वीस दिवस झाले होते. बुडख्यांतून खोडवा वर आला होता, वीतभर, हिरवागार. खोडवा म्हणजे तुटलेल्या उसाचंच दुसरं पीक. नवी लागण नाही, नवं बेणं नाही, नुसतं पाणी पाजलं की उगवतं. शेतकऱ्याचा वर्षाचा सगळा भरवसा त्याच्यावर असतो. त्या कोंबांवरून लोखंडी साखळी कराकरा गेली आणि शेतकरी व त्याचे दोन भाऊ बांधावरून पळत आले. कंत्राटदाराचा सुपरवायझर यंत्रामागून बाहेर आला, हात वर केले आणि म्हणाला, "लाइन सायबांची हाय. त्यास्नी इचारा." मग त्यांनी मला विचारलं.

पहिला दांडा खांद्यावर बसला. दुसरा डोक्यावर येत होता, मी हात आडवा धरला म्हणून डोकं वाचलं. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, कळ नंतर. मी चिखलात तोंडावर पडलो तेव्हा कुणीतरी पाठीवर उभं राहिलं. तिघं दमेपर्यंत मारत होते, आणि दम खाऊन परत मारत होते. तोंडात माती आणि रक्त एकत्र आलं की त्याला एक खारट चव येते, ती मला आजही कधीकधी चहात लागते. सुपरवायझर तोवर मोटारसायकलवरून पसार झाला होता.

आता मी म्हणतो की त्या शेतकऱ्याचा मला राग नाही. तेव्हा प्लास्टरमध्ये पडून मी त्याची कडब्याची गंजी पेटवायचे बेत करत असे. सुपरवायझरला तर मी मनातल्या मनात कितीदा तुडवला असेल याची गणतीच नाही. माझा स्वभाव मुळातच तापट. बायको म्हणायची, मार तुम्हाला एकदा बसला आणि तुम्ही तो घरात रोज वाटता. खरंच होतं ते.

काही वर्षांनी हातकणंगले तालुक्यातल्या गावांना नदीचं पाणी द्यायची मोठी योजना आमच्याकडे आली आणि वरून आदेश आला की कंत्राटदाराला आता आराखडा कच्चा असतानाच बरोबर घ्यायचं. त्यासाठी पुण्यात आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. थंडगार हॉलमध्ये एक गृहस्थ पडद्यावर चित्रं दाखवत सांगत होते की कंत्राटदार आधी आला की काम बांधता येईल असाच नकाशा होतो, वेळ वाचतो, जोखीम वाटली जाते, मागाहून भांडणं होत नाहीत. आमचे मोठे साहेब, म्हणजे कार्यकारी अभियंता, माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी वहीत लिहिलं, 'कोर्टकचेऱ्या कमी.' मी माझ्या वहीत लिहिलं, 'पुढे उभा राहणारा माणूस.' मग साहेबांना दिसू नये म्हणून त्यावर हात ठेवला.

निवडलेला कंत्राटदार कागलकडच्या एका गावचा होता. पंचावन्नच्या आसपासचा, शेतकऱ्याच्या घरातला, पाइप वाहणाऱ्या हमालापासून वर आलेला. सगळे त्याला अण्णा म्हणायचे. पहिल्या बैठकीला पुण्याहून सल्लागार कंपनीच्या मॅडम नकाशा घेऊन आल्या. हुशार बाई, कामाला चोख, आणि बोलायला माझ्याइतकीच तिखट. अण्णांनी नकाशा टेबलावर पसरला, दोन मिनिटं पाहिला आणि त्याच्या मधोमध मूठ अशी आदळली की पेल्यांतला चहा सांडून नकाशावर पसरला. ही रेघ जिनं मारली तिनं आयुष्यात ऊस फक्त रसवंतीत पाहिलाय, असं ते म्हणाले. मॅडमनी ओल्या नकाशाची गुंडाळी करून त्यांच्या छातीवर फेकली. मी मध्ये पडलो, म्हणजे सोडवायला नाही; मी अण्णांची कॉलर धरली. इतक्या वर्षांचं साचलेलं काहीतरी माझ्या मुठीत आलं होतं. कंत्राटदार म्हटला की मला तो मोटारसायकलवरचा सुपरवायझरच दिसायचा.

अण्णांनी माझा हात झटकला नाही. ते माझ्या कोपराकडे बघत राहिले, कारण कॉलर धरली तरी तो हात पुरता लांब होत नव्हता. "उसात मोडला न्हवं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. मी कॉलर सोडली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मोटारसायकलवर मागे बसवून साखर कारखान्याच्या गट ऑफिसात नेलं. तिथला चिटबॉय म्हणजे कुणाच्या उसाला कधी तोड येणार याची चिठ्ठी देणारा कारकून. हा बॉय साठीला आला होता. अण्णांनी त्याच्याकडून आमच्या सगळ्या गावांचा तोडीचा कार्यक्रम उतरवून घेतला. त्यांचं म्हणणं साधं होतं. ऊस तुटला की वाळक्या पानांचं पाचट बाजूला सारून शेतकरी पहिलं पाणी पाजतो. तोड आणि ते पाणी यांच्यामध्ये चार दिवस, फार तर पाच दिवस रान रिकामं आणि कोरडं असतं. त्या चार दिवसांत चर खणून, पाइप टाकून, माती ओढून बाहेर पडायचं. तोडकऱ्यांची टोळी पुढं आणि पोकलेन मागं. एक दिवस उशीर झाला तरी रानात चिखल, आणि आठवडा झाला तर कोंब.

मी सव्वीस वर्षं या खात्यात होतो. उसातून किती मैल पाइप मी टाकले असतील. पण कामाचा कार्यक्रम चिटबॉयच्या वहीतून काढायचा असतो हे मला त्या दिवशी कळलं. माझा हात त्या वहीअभावी मोडला होता. मला शेतकऱ्याचा, सुपरवायझरचा, सगळ्यांचा राग येऊन झाला होता, आता आमच्या खात्याचा आला आणि तो सगळ्यात जळजळीत होता.

मग आम्ही महिनाभर रानोमाळ चाललो. मॅडमही आल्या, बूट घालून, आणि बघता बघता अण्णांशी त्यांचं जमलं. रेघ इकडची तिकडे सरकवत त्यांनी ती बांधाबांधानं नेली. पण उसाच्या पट्ट्यातला माणूस नकाशावर विश्वास ठेवत नाही, तो शब्दावर ठेवतो. म्हणून गावोगावी अण्णा देवळात जाऊन भंडारा उचलायचे. देवापुढची हळद मुठीत घेऊन सगळ्यांसमोर सांगायचे की तोडीनंतर आणि पाण्याच्या आधी, ठरलेल्या रेघेवरूनच जाईन, नाहीतर मशीन तुमच्या रानात घालणार नाही. इकडे भंडारा उचलून दिलेला शब्द मोडला तर माणसाला त्या गावात पाणीसुद्धा कुणी विचारत नाही. पुण्याच्या पडद्यावर ही गोष्ट नव्हती, पण आम्हाला कंत्राटदार आधी हवा होता तो खरं तर याच्यासाठी. सरकारी शिक्क्यावर जे मिळत नव्हतं ते त्याच्या मुठीतल्या हळदीवर मिळत होतं.

एकदा नदीकाठी भाकरी खाताना त्यांनी मला सरळ विचारलं.

"सायेब, आमाला आधी का बोलावलंसा? पुण्यातलं नगं. खरं सांगा."

मी वेळ, जोखीम, समन्वय असं काहीबाही बोललो. ते भाकरी मोडता मोडता हसले.

"मार खायला बोलावलंय. व्हय की न्हाय?"

मी नाही म्हणालो. माझे कान तापले होते आणि ते त्यांना दिसत असणार.

"असू दे. माझं काय म्हननं न्हाय. पर एक हाय. लाइन हालवायची झाली तर आदी मला सांगायचं, तोंडानं. भंडारा माझ्या हातात हाय. एवढं केलासा तर मी पुढं उभा ऱ्हातो."

मी माझा उजवा हात पुढे केला. त्यांनी तो धरला आणि जोरात दाबला.

दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले आणि आमचं काम टोळ्यांच्या मागे लागलं. कोयत्यांचा खटाखट आवाज, उघड्या पडलेल्या रानात सैरावैरा धावणारे उंदीर, त्यांच्यामागे साप, सापांमागे काठ्या घेऊन माणसं, आणि या सगळ्यामागून जमिनीची आतडी काढत जाणारं पोकलेन. इतका दणदणाट आणि तरीही एकाही शेतात आमच्याशी भांडण नाही. एकाच ठिकाणी दोन भाऊ चर कुणाच्या बाजूला पडतोय यावरून भिडले, कुऱ्हाड निघाली, अण्णा मध्ये शिरले आणि एका भावानं दुसऱ्याला मारलेला धोंडा त्यांच्या कपाळावर बसला. रक्तानं शर्ट भिजला होता आणि ते दोघा भावांना शिव्या देत एकाच बांधावर शेजारी बसवत होते. टाके घालून ते त्याच दुपारी कामावर आले. मला मात्र त्या संध्याकाळी घरी शांत वाटत होतं. फार बरं वाटत होतं, खरं सांगायचं तर. धोंडा मला लागला नव्हता.

जानेवारीत रस्त्याच्या खात्याचं पत्र आलं. एका गावाजवळ आमची लाइन रस्त्याच्या कडेनं जाणार होती, तो रस्ता पुढं रुंद व्हायचा होता, म्हणून लाइन तीस फूट आत घ्या. तीस फूट आत म्हणजे बांध ओलांडून एका शेतकऱ्याच्या खोडव्यात. मोठ्या साहेबांना महिनाअखेरीचा आढावा होता, त्यांना ते प्रकरण टेबलावर नको होतं. मी नवी रेघ मारून दिली आणि सही केली. पत्राच्या तळाला लिहिलं, 'प्रत माहितीस्तव रवाना: कंत्राटदार.'

आमच्या खात्यात प्रत माहितीस्तव रवाना झाली की माणसाला सांगितलं असं धरतात. मी जन्मभर असंच धरत आलो होतो. पण त्या दिवशी मला पक्कं ठाऊक होतं की हे सांगणं नव्हे. मी फोन हातात घेतला होता. अण्णा नाही म्हणतील, आठ दिवस घोळ घालतील, साहेब माझ्यावर चढतील, हे सगळं डोळ्यांसमोर आलं आणि मी फोन खिशात टाकला. मनात म्हटलं, तो पहिल्या दिवसापासून कामात आहे, लोक त्याचे आहेत, तो बघून घेईल.

दोन दिवसांनी आमच्या सर्व्हेवाल्यांनी त्या शेतात नव्या रेघेवर चुन्याची फक्की मारली. पोकलेनचा ड्रायव्हर फक्की बघतो आणि खणतो, त्याचा दोष नाही. अण्णा त्या सकाळी कागलच्या एमआयडीसीत पाइपांचे जोड आणायला गेले होते. मला गावातून फोन आला तशी मी जीप काढायला लावली. आम्ही पोचलो तेव्हा पोकलेनच्या काचा फुटल्या होत्या. ड्रायव्हर केबिनमध्ये मुटकुळं करून बसला होता आणि खोडव्यात शंभर पावलं लांब चर उघडा पडला होता, दोन्ही बाजूंना उपटलेले कोंब. तीसेक माणसं जमली होती. शेतकरी तिशीचा, मजबूत, हातात पहार. लाइन रस्त्याकडेनंच जाणार या अण्णांच्या शब्दावर त्यानं रानाला पाणी पाजलं होतं.

त्याच वेळी पलीकडून अण्णांची मोटारसायकल आली. ती आडवी टाकून ते रानात उतरले. त्यांनी चर पाहिला, फक्की पाहिली, आणि त्यांना कळलं. मला दिसलं की त्यांना कळलं, कारण त्यांनी मान वळवून थेट जीपकडे बघितलं. माझा हात दाराच्या कडीवर होता.

"भंडारा उचललावता की रं," शेतकरी म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "कुनाची लाइन ही?"

माझं नाव घ्यायला त्यांना एक बोट पुरलं असतं. जीप वीस पावलांवर होती.

"माझी हाय," अण्णा म्हणाले.

पहार त्यांच्या बरगड्यांत बसली. ते वाकले तशी दुसरी मांडीवर. मग बाकीचे तुटून पडले. काठ्या, ढेकळं, लाथा, एकानं उसाचं कांडं तोंडावर मोडलं. अण्णांनी हात वर करून डोकं झाकलं, तेव्हा शेतकऱ्यानं झाकलेल्या हातांवर पहार घातली आणि तो आवाज मला जीपच्या बंद काचेतून ऐकू आला. तो आवाज मी ओळखला. ते चरात पडले, तर लोक चराच्या काठावर उभे राहून वरून माती आणि दगड टाकू लागले. माझ्या डाव्या कोपरात आग पेटली होती. जीपचा ड्रायव्हर म्हणत होता, साहेब, उतरूया, साहेब, मारून टाकतील. मी कडी धरून बसलो होतो. ती उघडायला उजवा हात पुरतो, आणि उजवा हात धड होता. मी उतरलो नाही. शेवटी ड्रायव्हर एकटा उतरून धावला, आणि त्याला बघून गावातल्या दोघा म्हाताऱ्यांनी शेतकऱ्याला मागून कव घातली.

चार बरगड्या, उजवा हात दोन ठिकाणी, आणि एक डोळा कायमचा अंधूक. सरकारी दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा अण्णांनी कुणाचंही नाव सांगितलं नाही. त्याचं पीक होतं, मारणारच, इतकंच म्हणाले. आणि लाइनचं म्हणाल तर, पुण्याच्या मॅडमनी रस्त्याच्या खात्याला फोन केला, दोघांनी नकाशे जुळवले आणि पुढच्या आठवड्यात ती परत होती तिथे, रस्त्याच्या कडेला गेली. एक फोन. त्या बाई नंतर माझ्याशी कामापुरतं बोलायच्या, आणि मी त्यांना दोष देत नाही.

मी पाचव्या दिवशी दवाखान्यात गेलो. पाच दिवस मी माफीची वाक्यं जुळवत होतो. खाटेशेजारी उभा राहिलो तर एकही आलं नाही, नुसतं रडू आलं आणि आपलीच आपल्याला शिसारी आल्यासारखं झालं. अण्णांचं तोंड सुजून काळंनिळं झालं होतं. मी विचारलं, तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं?

"तुमचा एकच कोपर धड हाय," ते म्हणाले. "म्हनलं, ऱ्हाऊ दे."

मग त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मी जायला निघालो तसे न वळताच बोलले.

"पर उतरायला पायजे हुतं, सायेब."

त्या गावात त्यांना आता कुणी पाणी विचारत नाही. उरलेलं काम त्यांनी भावाकडून पुरं करून दिलं आणि नंतर आमच्या खात्याचं काम घेतलं नाही.

योजना वेळेत पूर्ण झाली. वरून एक फॉर्म आला, कंत्राटदाराला आधीपासून सहभागी करून घेतल्यामुळे खात्यास झालेले लाभ नमूद करावेत. तो भरायचं काम माझ्याकडे आलं. मी वेळ लिहिला, वाद लिहिले, कोर्टात एकही दावा नाही हे लिहिलं. शेवटची ओळ रिकामी होती. तिच्यात मी लिहिलं, 'संपूर्ण कामात खात्याच्या एकाही कर्मचाऱ्यास इजा झाली नाही.' मोठ्या साहेबांनी फॉर्म वाचला, त्या ओळीखाली लाल पेनानं रेघ ओढली आणि समासात लिहिलं, 'उत्तम.'